गिधाडांची साक्ष

सावरखेड्याच्या शाळेत दुपारची सुट्टी झाली होती आणि प्रेमदास थूल, म्हणजे शाळेचा एकुलता एक मास्तर, केळझरकर सरांनी वर्ध्याहून धाडलेले टाइप केलेले कागद वाचत बसला होता. भाकरी रुमालात तशीच बांधलेली होती. अकराव्या पानावर तो थांबला. तेच पान पुन्हा वाचलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पानावर लिहिलं होतं : ‘सन १९५६ नंतर येथील महार समाजाने बौद्ध धर्म स्वीकारला असला, तरी मृत जनावरे ओढण्याचा त्यांचा परंपरागत व्यवसाय गुप्तपणे चालूच आहे. गिधाडांची संख्या व त्यांचे बसण्याचे स्थान यांवरून हे निःसंशय सिद्ध होते.’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘पक्षीगणना : प्रेमदास थूल.’

म्हणजे साक्षीदार कोण, तर तोच. आपल्याच लोकांना खोटं पाडायला आपलीच मोजणी. वा रे वा, याला म्हणायचं शिकणं! गिधाडं त्यानंच मोजली होती, शाळेमागच्या उंचवट्यावर उन्हात उभं राहून, एकही इकडची तिकडे होऊ न देता. आता त्याच मोजणीचा दोर करून कोणीतरी त्याच्या मायच्या गळ्यात अडकवला होता. त्यानं रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि घंटा वाजवून पोरांना वेळेआधीच वर्गात घेतलं.

आता हे केळझरकर सर कोण, ते सांगायला हवं. नरहर केळझरकर वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवत आणि प्रेमदास इंटरपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकला. माणूस वाईट होता म्हणावं, तर छे हो, मुळीच नाही. त्यांनी प्रेमदासला आपल्या घरी शेजारच्या पाटावर बसवून जेवू घातलं होतं, परीक्षेच्या दिवसांत स्वतःची पुस्तकं दिली होती. राग जास्त येतो तो यामुळंच. वाईट माणसानं हे लिहिलं असतं तर प्रेमदासनं कागद चुलीत घातले असते अन् विषय संपवला असता.

सरांना एकच वेड होतं. ते म्हणत, गाव किती बदललं हे माणसं सांगतात ते अर्धंच. उरलेलं अर्धं झाडं, पाखरं आणि नाले सांगतात. एकावन्न साली सरकारची खानेसुमारी झाली. सावरखेड्यात घरं किती, माणसं किती, शेतीवर कोण जगतं आणि मजुरीवर कोण, याचे छापील आकडे सरांकडे होते. त्याच वर्षी ते गळ्यात दुर्बीण अडकवून या गावची पाखरंही मोजून गेले होते. आता सात वर्षांनी दोन्ही पुन्हा मोजायचं आणि शेजारी शेजारी ठेवून पाहायचं, असा त्यांचा बेत होता. मधल्या काळात मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेली होती, बरीच माणसं हिंगणघाटच्या गिरणीत गेली होती, आणि छप्पनच्या दसऱ्याला अख्खा महारवाडा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. मोजण्यासारखं पुष्कळ होतं.

प्रेमदासनं हे काम जीव लावून केलं. शाळा सुटली की घरोघरी जायचं, कोणाच्या अंगणात उभं राहून तर कोणाच्या ओसरीखाली थांबून माणसं विचारायची, आणि रविवारी झाडं, पाखरं. एकावन्नमध्ये मोहल्ल्यातली, म्हणजे पूर्वीच्या महारवाड्यातली, एकही पोरगी शाळेत नव्हती, आता चौदा होत्या. तो आकडा लिहिताना त्याला इतका आनंद झाला की घरी जाऊन त्यानं मायला दोनदा सांगितला. त्याला वाटलं होतं, अहवालात हेच पहिल्या पानावर येईल.

सरांच्या प्रश्नांत एक प्रश्न होता : गावात मेलेलं ढोर बाहेर कोण नेतं?

या प्रश्नाचं उत्तर सावरखेड्यातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. प्रेमदासचा बाप, चिंधूजी, नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं ढोर ओढायचे दोर अन् बांबू चावडीपुढं आणून जाळले. गाव चिडलं. त्या हंगामात मोहल्ल्यातल्या एकाही बाईला कोणी कापूस वेचायला बोलावलं नाही. तानाबाई, प्रेमदासची माय, पहाटे उठून दुसऱ्या गावी जायची आणि अंधार पडल्यावर परत यायची. थंडीत चिंधूजीच्या छातीनं दगा दिला. औषधपाण्याला समुद्रपूरला न्यायला गाडी मागितली तर गावात एकाही घरी गाडी रिकामी नव्हती. तो गेला, पण दोर पुन्हा कोणी वळला नाही. मोहल्ल्यातला एकही हात त्यानंतर मेल्या ढोराला लागला नव्हता.

मग ढोरं नेतं कोण? ज्याचं ढोर तो. पहाटे, तांबडं फुटायच्या आत, भाऊबंदांतले चार जण तोंडाला फडकी बांधून यायचे, मेल्या ढोराच्या पायांना दोर बांधायचे आणि बैलजोडी लावून फरफटत न्यायचे. जुनी जागा गावाच्या पार उगवतीला, सावरीच्या झाडांपाशी होती. तिथवर जाईस्तोवर उजाडलं असतं आणि कोणीतरी पाहिलं असतं. म्हणून ढोर पडायचं जवळच, बौद्ध मोहल्ल्यामागच्या नाल्यात. त्यात आणखी एक सोय होती. कोणाला दिसलंच, तर बोट आपोआप मोहल्ल्याकडं जायचं. नाल्याच्या काठावर मोहल्ल्याची विहीर होती, याची कोणाला पर्वा?

हे कबूल मात्र कोणीच करायचं नाही. कुणब्यानं मेल्या ढोराला हात लावला हे सोयऱ्याधायऱ्यांत कळलं तर पोरींची लग्नं अडली असती. एकमेकांच्या दोराला हात लावणारे हे लोक दिवसा एकमेकांशीही त्यावर बोलत नसत. म्हणून प्रेमदासनं विचारलं तेव्हा नत्थूजी पाटलांपासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं : महार नेतात, दुसरं कोण नेईल? तोंड वर करून सांगितलं, तेही त्याच्याच तोंडावर. आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरानं सांगितलं : आम्ही नाही. प्रेमदासनं दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहून सरांना दिली. त्याला वाटलं, सर शहाणे आहेत, बरोबर ओळखतील.

चूक झाली ती पुढं. हिवाळ्यात सर आले तेव्हा त्यांना नाल्यात उतरून पाहायचं होतं. प्रेमदासनंच त्यांना अडवलं. आपल्या गुरूला, कडक इस्त्रीच्या धोतरात, त्या घाणीत कसं न्यायचं? ‘सर, तिकडं फार वास आहे, इथूनच छान दिसतं,’ असं म्हणून त्यानं त्यांना उंचवट्यावर उभं केलं. दुर्बिणीतून सरांना गिधाडं दिसली, त्यांच्यामागं मोहल्ल्याची कवलं दिसली, आणि तेवढंच दिसलं. आज ते आठवून प्रेमदासला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटत होतं.

अकरावं पान वाचलं त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सर आले. समुद्रपूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं नत्थूजी पाटलांनी पाठवलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून. रविवारी संध्याकाळी शाळेत गावापुढं अहवाल वाचायचा आणि मगच छापायला द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनी ते ऐकलं पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. तत्त्वांची सरांकडं कधी टंचाई नव्हती. प्रेमदास रस्त्यावरच उभा होता. सर दमणीतून उतरल्याबरोबर त्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि अकरावं पान खोटं आहे असं सरळ सांगितलं.

‘‘कोणता आकडा चुकला?’’ सरांनी शांतपणे विचारलं.

‘‘आकडा बरोबर आहे. अर्थ चुकला.’’

मग प्रेमदासनं सगळं सांगितलं. पहाटेचे दोर, तोंडाची फडकी, नाला, विहीर, बापानं जाळलेले बांबू, सगळं. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. सरांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले की एक बाजू एक सांगते, दुसरी बाजू दुसरं सांगते, दोघांचाही स्वार्थ आहे, म्हणून तर त्यांना तिसरा साक्षीदार हवा होता, ज्याला या भांडणात काही देणंघेणं नाही. सात वर्षांपूर्वी गिधाडं सावरींवर बसत, आता मोहल्ल्याच्या पाठीशी बसतात. यातून आणखी काय निघणार?

‘‘गिधाडाला जात नसते, प्रेमदास.’’

‘‘मी सांगतो आहे ना, सर. मी या गावचा आहे.’’

‘‘तू त्यांच्यातला आहेस. तू हेच सांगणार. शास्त्रात असं चालत नाही.’’

‘‘आणि नत्थूजी पाटील कोणातले आहेत?’’

सर हसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. प्रेमदासनं शेवटचं सांगून पाहिलं. म्हणाला, उद्या माझ्याबरोबर नाल्यात उतरा, तिथल्या ढोरांच्या अंगावर कातडी तशीच आहेत; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे काम केलं ते कातडं असं फुकट सडू देतील का? सर म्हणाले, घाईत राहिलं असेल, मुद्दा गिधाडांचा आहे. आणि ते पाटलांच्या फाटकातून आत गेले, जिथं त्यांच्यासाठी अंगणात खाट टाकली होती.

प्रेमदास त्या फाटकाकडं बघत उभा राहिला. हे छापलं जाणार होतं. नागपूरला जाणार, दिल्लीला जाणार. दोन-तीन वर्षांनी पुन्हा खानेसुमारी होईल, नवा कोणी साहेब येईल, हेच पान उघडेल आणि म्हणेल, हो हो, ठाऊक आहे, तुम्ही नाव बदललं पण काम तेच. बाप काय उगाच मेला? गाडी नाकारणाऱ्यांची घरं पुस्तकात स्वच्छ राहणार आणि गाडीवाचून मेला त्याचा मोहल्ला लबाड ठरणार. त्याच्या मुठी वळल्या आणि तशाच घरी आल्या.

शनिवारी शाळा सुटली, पोरं पांगली, आणि दारात नत्थूजी पाटील येऊन उभे राहिले. इकडंतिकडं बघून आत आले.

‘‘गुर्जी,’’ ते म्हणाले.

आता हे ऐका. हा माणूस जन्मभर प्रेमदासला ‘चिंध्याचा पेम्या’ म्हणत आला होता. मास्तर होऊन चार वर्षं झाली तरी पेम्याच. आज एकदम गुर्जी. प्रेमदासनं त्यांना बसा म्हटलं नाही.

पाटलांचं दुखणं असं होतं, की त्यांचा एक बैल त्याच पहाटे गोठ्यात मेला होता. गोठ्यातून बाहेर पडायला अंगणातलं फाटक हीच एक वाट. अंगणात सरांची खाट. सर पाखरांसाठी सगळ्यांच्या आधी उठून दुर्बीण घेऊन बसलेले. भाऊबंद म्हणाले, प्रोफेसर असेपर्यंत आम्ही येत नाही. गोठ्याला कडी घातली होती आणि सरांना सांगितलं होतं की कडब्यात उंदीर मेला असेल. चैत्राचं ऊन. उंदीर म्हणून किती वेळ खपणार? त्यात बुधवारी आर्वीकडचे पाहुणे पोरीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, यायचे होते.

‘‘एक डाव,’’ पाटील म्हणाले. ‘‘फक्त एक डाव मोहल्ल्यातल्या पोराईले सांगा. दिवसा नेलं तरी चालते. तुमच्या लोकाईनं नेलं त कोनी काई म्हननार नाई.’’

प्रेमदासच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. कोणी काही म्हणणार नाही! अर्थात नाही म्हणणार. अकरावं पानच तसं लिहिलेलं आहे. तो तोंड उघडणार तेवढ्यात पाटलांनी पुढचं सांगितलं.

‘‘पुन्हा त्या नाल्यात आमच्यापैकी कोनी ढोर टाकनार नाई. माह्या लेकीची आन घेतो.’’

आणि प्रेमदासला विहीर आठवली. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी विहिरीत उतरलं तेव्हा मोहल्ल्यातली किती लेकरं हगवणीनं पडली होती, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एका बैलाच्या बदल्यात विहीर स्वच्छ. तो म्हणाला, सांगतो. आणि असं म्हटल्याबद्दल घरी जाईस्तोवर स्वतःवरच धुमसत राहिला.

तानाबाई दारात सुपात तूर निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, अकरावं पानही वाचून दाखवलं. ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, ‘‘तुह्या बापानं दोर जाळला तवा त्याच्या जिवात काय काय आलं असन, ते मले नाई माहीत. पन दोर जळला. आता तू नवा आनून राह्यला का?’’

तो म्हणाला, माय, विहिरीचं पाहा.

‘‘विहीर आपून दुसरी खंदू. हा बैल आज ओढला, त ते पान खरं होते. मंग कोनाले तोंड दाखवशीन?’’

प्रेमदास उभ्या उभ्याच माघारी फिरला. पाटलांच्या वाड्याच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन त्यानं नत्थूजींना हाक मारली. ते लगबगीनं आले, तोंडावर आशा होती.

‘‘पाटील, सराले तुम्ही सांगतलं ना, का ढोरं महार नेतात म्हून? त बसा आता महाराची वाट पाहत. या गावात महार उरला नाई.’’

‘‘मंग मी काय करू?’’ पाटलांनी विचारलं.

‘‘ज्याचं ढोर, त्यानं ओढा.’’

रविवारी ऊन तापलं तशी गिधाडं आली. आधी एक उंच फिरताना दिसलं, मग पाच, मग मोजता येईनात. पण या वेळी ती नाल्याकडं गेली नाहीत; शाकारायला उघडलेल्या गोठ्याच्या छपरातून त्यांना वरूनच मेलेला बैल दिसला होता. पाटलांच्या अंगणातल्या कडुनिंबावर उतरली, गोठ्याच्या आढ्यावर उतरली. जागा पुरेना तशी घराच्या कवलांवर बसली. त्यांच्या वजनानं कवलं फुटून खाली पडू लागली. अख्खं गाव गोळा झालं. प्रेमदासही आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला.

सरांना आधी आनंदच झाला. एवढ्या जवळून गिधाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दुर्बीण डोळ्याला लावली, पण पाखरं इतकी जवळ होती की तिच्यात काहीच दिसेना. त्यांनी दुर्बीण खाली केली आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिलं. गोठ्याकडं पाहिलं, कडीकडं पाहिलं. पुढं होऊन स्वतःच कडी काढली. आत बैल ढोलासारखा फुगून पडला होता. पाटलीणबाई सीताबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

कोणीच हलेना. सगळ्यांच्या नजरा सवयीनं मोहल्ल्यातल्या माणसांकडं वळल्या. मोहल्ल्यातली माणसं हाताची घडी घालून उभी. शेवटी नत्थूजींनी धोतर खोचलं, तोंडाला फडकं बांधलं आणि दोर काढला. दोर कोनाड्यातच होता, वापरून मऊ झालेला. मग त्यांचा भाऊ आला, दोन पुतणे आले. गाठी सराईतपणे पडल्या. बैलजोडी जुंपली आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, मेलेला बैल फाटकातून फरफटत बाहेर निघाला.

नत्थूजींनी कासरा उगवतीकडं ओढला, जुन्या सावरींकडं. निदान सरांपुढं तरी तिकडं न्यावं, असं त्यांच्या मनात असावं. पण जुंपलेल्या बैलांना वाट पाठ झालेली होती. चावडी ओलांडल्याबरोबर कोणी न सांगता ते उजवीकडं वळले, मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीला लागले आणि ओढूनताणूनही मागं फिरेनात. थेट नाल्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. वर गिधाडं, मागं सर. या वेळी सर नाल्यात उतरले. इस्त्रीचं धोतर वर धरून, नाकाला रुमाल लावून उतरले आणि तिथं पडलेली कातड्यासकट ढोरं त्यांनी पाहिली.

तानाबाई दारात उभी राहून पाहत होती. प्रेमदासला मात्र ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. संपलं एकदाचं, असं त्याला वाटलं.

दुपार कलल्यावर सर शाळेत आले. चेहरा धुतलेला, पण उतरलेला. म्हणाले, ‘‘तुझं खरं होतं, प्रेमदास. मी ते पान काढून टाकतो. ते सगळं प्रकरणच गाळतो.’’

‘‘गाळता कशाला, सर? सुधारा. कोण ओढतं ते लिहा.’’

सरांनी आवाज खाली आणला. ते म्हणाले, बुधवारी मुलीचं साक्षगंध आहे. मी त्यांच्या घरी राहिलो, जेवलो. असं छापून आलं तर त्या घराची अब्रू जाईल. ‘‘अभ्यास करणाऱ्यानं माणुसकी सोडून चालत नाही.’’

प्रेमदासला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तो बोलला, आणि गुरूशी इतकं कडू तो आयुष्यात बोलला नव्हता.

‘‘आमची अब्रू टाइप करून आणली तेव्हा ही माणुसकी कुठं होती, सर? तुम्ही माझ्या मायच्या हातचंही जेवला आहात. तेव्हा तुम्हाला पुरावा पाहिजे होता. आज पुरावा तुमच्या डोळ्यांपुढून फरफटत गेला, तर तुम्हाला साक्षगंध आठवलं. आमच्या चौदा पोरी शाळेत आहेत. त्यांचीही साक्षगंधं होतील. ‘त्यांच्यातल्या’ पोरींना अब्रू नसते का?’’

सर म्हणाले, तू संतापला आहेस, शांत झालास की पटेल. आणि ते निघून गेले. प्रेमदास काही शांत झाला नाही.

संध्याकाळी शाळेत गाव जमलं. एकच लांब सतरंजी होती, प्रेमदासनं मुद्दाम एकच अंथरली होती. नत्थूजी न्हाऊनधुऊन कोपऱ्यात बसले, मान खाली. सरांनी वाचलं. घरं किती वाढली, हिंगणघाटला किती गेले, बाभळी किती तुटल्या, मोर किती उरले. चौदा पोरींचा आकडाही वाचला. दहावं पान झालं आणि सरांनी दोन पानं एकदम उलटली. सावरखेड्यात जणू कधी गिधाड बसलंच नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का?

कोणाला काय विचारायचं असणार? समोरची अर्धी सतरंजी सुटकेनं हलली. प्रेमदास उठला. बोलावं असं त्याच्या मनात होतं, पण त्यानं त्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की बोललेलं उद्या हे लोक नाकारतील. नाल्यातला बैलही आठवड्यात संपेल आणि तोही नाकारतील. तो फळ्याकडं गेला. फळ्याच्या वरच्या भागात रोज एक वाक्य असायचं, पोरांनी पाटीवर उतरवून घ्यायचं. त्यानं कालचं वाक्य पुसलं आणि मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं :

‘सावरखेड्यातले बौद्ध मेलेलं ढोर ओढत नाहीत. ज्याचं ढोर, तो ओढतो.’

मग सगळ्यांकडं तोंड करून त्यानं ते वाचून दाखवलं. खोटं आहे असं कोणी म्हटलं नाही. अजून वारा नाल्याकडूनच येत होता. सरांनी कागद गोळा केले. जाता जाता हळूच म्हणाले, हा आततायीपणा आहे, शाळा चालवणाऱ्या जनपद सभेत पाटलांचे लोक आहेत, तुझी बदली होईल.

‘‘होऊ द्या,’’ प्रेमदास म्हणाला. ‘‘जिथं जाईन तिथं फळा असेलच.’’

सोमवारी सकाळी शाळा भरली. पोरांनी फळ्याकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं. प्रेमदासनं टेबलावर छडी आपटली आणि सांगितलं, रोजच्यासारखं उतरवून घ्या. कुणब्यांची, तेल्यांची, बौद्धांची, सगळी पोरं माना खाली घालून लिहायला लागली. पेन्सिलींचा आवाज वर्गभर झाला. नत्थूजी पाटलांची नात मीरा पाटी तपासायला घेऊन आली. तिचं अक्षर वर्गात सर्वांत चांगलं होतं. प्रेमदासनं पाटी पाहिली, बरोबरची खूण केली.

‘‘घरी दाखवू, गुर्जी?’’ तिनं विचारलं. रोजच विचारायची.

‘‘दाखवजो. आजोबाले वाचून दाखवजो. अन् ते खोटं हाये म्हनले, त पुसून टाकजो.’’

मंगळवारी ती शाळेत आली तेव्हा पाटी छातीशी धरलेली होती. पाटी पुसलेली नव्हती.